क्रोशाच्या टोपीत फेरी जोडताना फट पडते, काय करावं?

लोकरवेडी

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकच्या इंदिरानगरच्या काही जणी दर हिवाळ्यात लहान मुलांच्या टोप्या विणतो. पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या कुटुंबांसोबत लहान लेकरं असतात. आईबाप पहाटेच बागेत जातात आणि पोरं बांधावर बसलेली असतात. टोप्या त्यांच्यासाठी. म्हणून टोपी नुसती छान दिसून भागत नाही, आत वारा शिरता कामा नये.

अडचण अशी आहे. लोकर डबल निटिंग (मध्यमहून थोडी बारीक), अ‍ॅक्रिलिक. सुई ४ मिमी. मॅजिक रिंगमध्ये (ओढून आवळता येणाऱ्या सुरुवातीच्या कड्यात) १२ खांब, मग प्रत्येक फेरीत १२ वाढवत २४, ३६, ४८, ६०, ७२. फेरी संपली की स्लिप स्टिचने (सगळ्यात बुटक्या, नुसत्या जोडायच्या टाक्याने) जोडते, तीन साखळ्या घालते आणि पुढची फेरी सुरू करते. नेमक्या त्या जोडाच्या जागी वरपासून खालपर्यंत फटींची रांग तयार होते. टोपी डोक्यावर ताणली की करंगळी आत जाते. स्लिप स्टिच घट्ट ओढून पाहिली, तर फट तशीच राहते आणि वर टोपी त्या रेषेत आखडते. बाकीची टोपी एकसारखी, नीटस, आणि मागे ही एक भेग.

दुसरं म्हणजे, मुक्या खांबांची टोपी केली तर फट कमी दिसते, पण जोडाची रेघ सरळ खाली न येता तिरपी होत उजवीकडे सरकत जाते.

फट आधीच पडू नये म्हणून काय करायचं, आणि ज्या टोप्या विणून तयार आहेत त्यांचं काय करायचं, दोन्ही सांगा. नव्या मुलीही वाचणार आहेत, म्हणून नावं स्पष्ट करते: मुका खांब म्हणजे सुईवर वेढा न घेता केलेला टाका, खांब म्हणजे एक वेढा घेऊन दोन-दोनात सोडवलेला, अर्धा खांब म्हणजे वेढा घेऊन तिन्ही धागे एकदम सोडवलेला.

गंगापूररोड

अगदी हाच प्रश्न मलाही आहे. उत्तरांची वाट बघतेय.

पंचवटीकर

लोकरवेडी, तुमचं वर्णन वाचलं आणि लगेच कळलं काय होतंय ते. हा दोष तुमच्या हाताचा नाही, तीन साखळ्यांचा आहे.

आपल्याकडे क्रोशा बहुतेक जणी रुमालावर शिकल्या. ताटावरचा रुमाल, टेबलक्लॉथ, दाराचं तोरण. बारीक सुती दोरा, बारीक स्टीलची सुई, आणि नियम एकच: फेरी सुरू करताना तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब. रुमालात हा नियम सुरेख चालतो. तिथे सगळी नक्षीच जाळीची असते, त्यामुळे साखळीशेजारची फट नक्षीत मिसळून जाते. कडक दोऱ्याची साखळी खांबाच्या शेजारी उभीही नीट राहते.

लोकरीच्या टोपीत तसं होत नाही. खांब म्हणजे पीळ घेतलेला, तीन-चार धाग्यांचा जाड टाका. साखळी म्हणजे एकावर एक बसलेले सुटे फासे, खांबाच्या मानाने बारीक. जाड खांबांच्या रांगेत एक बारीक खांब उभा केला की त्याच्या शेजारी मोकळी जागा राहणारच. आता पुढच्या फेरीत काय करता? त्याच साखळीच्या डोक्यात स्लिप स्टिच करून तिथूनच पुन्हा तीन साखळ्या. म्हणजे बारीक खांबाच्या डोक्यावर पुन्हा बारीक खांब. सहा-सात फेऱ्या झाल्या की ती रांग आपोआप तयार होते.

स्लिप स्टिच ओढून काही होत नाही त्याचं कारणही हेच. स्लिप स्टिच फक्त वरची कड बांधते. फट असते मध्ये, साखळी आणि खांब यांच्या उंचीच्या मधोमध. वर कितीही आवळलं तरी मधली जागा भरत नाही, फक्त वरची कड आत ओढली जाते. म्हणून इलाज फेरीच्या शेवटी शोधू नका, फेरीच्या सुरुवातीला शोधा.

सुईवाली

पंचवटीकर काकूंना पूर्ण अनुमोदन. पुढचं मी सांगते, कारण मी क्लासमध्ये हेच शिकवते.

तीन साखळ्यांना खांब मानणं सोडून द्या. फेरी जोडून झाली की दोनच साखळ्या घाला, त्याही घट्ट. या साखळ्या मोजायच्या नाहीत, त्या फक्त सुईला वर चढवायला आहेत. मग ज्या टाक्यात स्लिप स्टिच केली त्याच टाक्यात पहिला खरा खांब करा आणि त्याच्या डोक्यात लगेच मार्कर, म्हणजे टाका ओळखायची खूण, अडकवा. फेरी पूर्ण झाली की साखळ्या ओलांडून मार्करवाल्या खांबाच्या डोक्यावरचे दोन्ही धागे उचला आणि तिथे स्लिप स्टिच करा. साखळीच्या डोक्यात नाही. साखळ्या आपोआप खांबामागे ढकलल्या जातात. फेरीत सगळे खांब खरे, शेजारी शेजारी, एकाच जाडीचे.

दोन साखळ्यांनीही थोडा फुगवटा येत असेल तर एकच साखळी घाला आणि पहिला खांब करताना पहिला धागा जरा उंच ओढून घ्या. ज्यांचा हात सैल त्यांना एकच पुरते. मी तर जाड लोकरीला एकच घालते.

आता खरी गोम. स्लिप स्टिच झाली की तिच्या डोक्यावरही दोन धागे दिसतात आणि ती हुबेहूब एखाद्या टाक्यासारखी वाटते. फेरीच्या शेवटी तिच्यातही खांब घातला गेला की एक टाका वाढतो. उलट, पहिला खांब पुढच्या टाक्यात गेला की एक कमी होतो, आणि तिथे जी जागा सुटते ती फट साखळीच्या फटीहून मोठी असते. फटीचं कारण ओळखायचं असेल तर खांब मोजा. ७२ च्या जागी ७२ आहेत आणि तरी फट आहे, तर दोष साखळीचा. ७१ किंवा ७३ झालेत, तर दोष जोडाच्या जागेचा. दोन्हींवर इलाज वेगळे, म्हणून आधी मोजणं.

मार्कर दोन ठेवा, एक पहिल्या खांबात, एक शेवटच्या. विकतचे हवेतच असं नाही. सेफ्टी पिन चालते, वेगळ्या रंगाच्या लोकरीचा तुकडा तर उत्तम, तो टोपीत अडकत नाही.

लोकरवेडी

सुईवाली, पंचवटीकर काकू, खूप आभार. रुमालाची गोष्ट तंतोतंत लागू पडली. आमच्यातल्या सगळ्याच रुमालावर शिकलेल्या आहेत.

एक शंका. साखळ्या मोजायच्या नाहीत, मग वाढीच्या फेरीत काय करायचं? पॅटर्नमध्ये लिहिलेलं असतं की तीन साखळ्या, त्याच टाक्यात एक खांब, म्हणजे दोन झाले. ते आता बदलणार ना?

सुईवाली

हो, बदलणार. पॅटर्नमध्ये "तीन साखळ्या आणि त्याच जागी एक खांब" असेल तिथे तुम्ही दोन खरे खांब करा. "तीन साखळ्या, पुढच्यात खांब" असेल तिथे त्याच टाक्यात एक खरा खांब आणि मग पुढचा. एकूण आकडा तोच राहतो.

वाढीबद्दल अजून एक सांगते, हे पॅटर्नमध्ये सहसा लिहिलेलं नसतं. एका टाक्यात दोन खांब घातले की ते बुडाशी एकत्र आणि वर फाकलेले असतात. अशी जोडी बरोबर जोडाला चिकटून आली की तिथे जास्त उघडं दिसतं. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना साधे खांब येतील अशी वाढ सरकवून घ्या. ३६ वरून ४८ वर जाताना: एक साधा, एका टाक्यात दोन, एक साधा, हेच फेरीभर. ४८ वरून ६० वर: एक साधा, एकात दोन, दोन साधे. वाढ तेवढीच, पण जोडापासून लांब. वाढीच्या जागा दर फेरीत सरकल्यामुळे टोपीचा माथाही कोनाकोनांचा न होता गोल राहतो.

नाशिकरोडकर

माझं मत जरा वेगळं आहे. जोडायचंच कशाला? मी मुक्या खांबांच्या टोप्या गोल गोल, न जोडता विणते. सहा मुक्या खांबांनी सुरुवात, मग १२, १८, २४. फेरी संपली की स्लिप स्टिच नाही, साखळी नाही, सरळ पुढच्या टाक्यात. पहिल्या टाक्यात मार्कर ठेवायचा आणि दर फेरीत वर सरकवायचा. जोडच नाही तर फट कुठून येणार? लोकरवेडी म्हणतात ती तिरपी रेघही येत नाही.

तिरप्या रेघेचं कारण सांगते. मुक्या खांबाचं डोकं त्याच्या बुंध्याच्या बरोबर वर बसत नाही, किंचित उजवीकडे बसतं. म्हणून प्रत्येक फेरीचा आरंभ थोडा थोडा उजवीकडे सरकतो. जोडत विणलं की ते सरकणं रेघ होऊन दिसतं. न जोडता विणलं की सरकतं तसंच, पण दाखवायला रेघच नसते.

डावखुरी

डाव्या हाताने विणणाऱ्यांसाठी: आमची रेघ डावीकडे सरकते. व्हिडिओ बघताना फोनवर प्रतिमा उलटी करून घ्या, सगळं जुळतं.

पंचवटीकर

नाशिकरोडकर, मुक्या खांबांना तुमची पद्धत सगळ्यांत चांगली, वाद नाही. अर्ध्या खांबांनाही चालते. पण लोकरवेडी खांबांची टोपी करताहेत. खांब उंच असतो. न जोडता खांबांनी विणलं की शेवटी एका खांबाच्या उंचीची पायरी उरते, आणि सुरुवातीलाही. ती उतरवायची असेल तर शेवटच्या तीन टाक्यांत अर्धा खांब, मग मुका खांब, मग स्लिप स्टिच, असं उतरत यावं लागतं. ते जमतं. पण पट्टे घालायचे असतील तर प्रत्येक रंगाच्या जागी पायरी दिसते. आणि मुलांना पट्ट्यांच्या टोप्या फार आवडतात.

शिवाय मुक्या खांबांची टोपी हळू वाढते, लोकरही जास्त खाते. खूप टोप्या करायच्या असतील तर खांबच बरा. म्हणून जोड नीट शिकून घेतलेला बरा, असं मला मनापासून वाटतं.

जोडूनच मुके खांब विणायचे असतील आणि रेघ सरळ हवी असेल, तर दर फेरी जोडल्यावर टोपी उलटवायची आणि पुढची फेरी उलट दिशेने घालायची. एका फेरीत रेघ उजवीकडे, दुसरीत डावीकडे, शेवटी सरळ राहते. पोत बदलतो, थोडा दाणेदार होतो, तो मला आवडतो.

नाशिकरोडकर

पट्ट्यांचं मान्य काकू. आणि खांबांसाठी पायरी उतरवायची युक्ती मला माहीत नव्हती, करून बघते.

सिडको_क्रोशे

खांबांच्या फेरीसाठी साखळी पूर्ण टाळणाऱ्या दोन पद्धती मी वापरते. दोन्हींत फट जवळजवळ शून्य येते.

पहिली: दोन मुके खांब एकावर एक. फेरी जोडली की साखळी न घालता त्याच टाक्यात एक मुका खांब करा. आता त्या मुक्या खांबाकडे नीट बघा, त्याला दोन उभे पाय दिसतील. डाव्या पायाच्या धाग्याखाली सुई घाला, लोकर ओढून घ्या, सुईवर दोन धागे होतील, पुन्हा लोकर घेऊन दोन्हींतून काढा. म्हणजे पहिल्या मुक्या खांबावर दुसरा मुका खांब बसला. दोघांची मिळून उंची एका खांबाएवढी आणि जाडीही जवळपास तेवढीच. हा पहिला खांब म्हणून मोजायचा. फेरीच्या शेवटी जोड याच्याच डोक्यात. शिकायला सोपी, हात बसायला वेळ लागत नाही. डावखुऱ्यांनी उजवा पाय धरायचा.

दुसरी: सुईवरचा फास खांबाएवढा उंच ओढायचा. त्याचा वरचा भाग तर्जनीने सुईवर दाबून धरायचा आणि सुई त्या फासाभोवती एकदा फिरवायची, म्हणजे तोच फास वेढा म्हणून सुईवर बसतो. बोट न सोडता सुई पहिल्या टाक्यात घाला, लोकर ओढून वर आणा, नेहमीसारखं दोनातून काढा, मग उरलेल्यांतून काढा. वेढ्याचे धागे एकत्रच धरायचे. हा खांब दिसायला बाकीच्यांसारखाच होतो. हात बसेपर्यंत फास सैल राहतो, एवढीच अडचण. आधी वेगळ्या तुकड्यावर सराव करा, मग टोपीवर.

नव्या मुलींना मी आधी पहिली शिकवायला सांगेन.

यूट्यूबवर शोधताना एक लक्षात ठेवा. आपला खांब म्हणजे अमेरिकन पॅटर्नमधला डबल क्रोशे आणि ब्रिटिश पॅटर्नमधला ट्रेबल. पॅटर्न कुठला आहे ते आधी बघा, नाहीतर उंचीच चुकते.

गंगापूररोड

एकावर एक मुके खांब करून पाहिले. फारच छान! खांब कुठला आणि सुरुवात कुठली, हे शोधावं लागतंय. मार्कर नसता तर सापडलंच नसतं.

स्लिप स्टिच मात्र अजून वर एक छोटी गाठ दाखवते. तिचं काही होईल का?

सुईवाली

होईल. स्लिप स्टिच न करता जोडून बघा. शेवटचा खांब झाला की सुई फासातून काढून घ्या, फास सुटणार नाही एवढा मोठा ठेवा. सुई टोपीच्या आतल्या बाजूने बाहेर, पहिल्या खांबाच्या डोक्यावरच्या दोन्ही धाग्यांखालून काढा. तो सुटा फास सुईवर घ्या आणि आत ओढा. लोकर हलकेच ओढून फास नेहमीएवढा करा. आता पुढची फेरी. स्लिप स्टिचचा जादा टाका बाहेर दिसतच नाही, त्यामुळे मोजण्यात घोटाळाही होत नाही.

अगदी शेवटच्या फेरीला, टोपीच्या काठावर, सुईदोऱ्याचा जोड करा. लोकर वीतभर ठेवून कापा आणि शेवटच्या टाक्यातून पूर्ण बाहेर ओढून घ्या. बोथट सुईत ओवा. पहिला टाका सोडून दुसऱ्या टाक्याच्या डोक्यावरच्या दोन्ही धाग्यांखालून सुई काढा, मग परत शेवटच्या टाक्याच्या डोक्यात, जिथून लोकर बाहेर आली तिथेच, मागचा धागा धरून खाली घाला. लोकर बाकीच्या टाक्यांएवढी सैल ठेवा. पहिल्या टाक्यावर एक खोटं डोकं तयार होतं आणि काठ अखंड दिसतो. टोक आतून दोन वेगवेगळ्या दिशांना ओवून संपवा, एकाच दिशेला ओवलं तर धुण्यात निघून येतं.

लोकरवेडी

आमच्याकडे दोन्ही पद्धती करून झाल्या. दोन साखळ्या न मोजता केलेल्या टोपीत फट गेली, एक पुसट रेघ राहिली. एकावर एक मुके खांबवाल्या टोपीत रेघही शोधावी लागते. ज्यांना पटकन टोपी संपवायची त्या पहिली करताहेत, ज्यांना निगुतीने करायची त्या दुसरी.

आता तयार टोप्यांचं सांगा ना कुणीतरी. उसवायचा जीव होत नाही.

देवळालीकर

उसवू नका. देवळाली कॅम्पला थंडी बोचरी असते, आमच्याकडे जुन्या टोप्या, स्वेटर दुरुस्त करून वापरायची सवय आहे. फट आतून सांधता येते.

त्याच रंगाची लोकर घ्या. जाड असेल तर तिचे पदर सोडवून निम्मे पदर वापरा, नाहीतर आत कणा तयार होतो आणि लहान मुलाच्या डोक्याला टोचतो. बोथट सुई. टोपी उलटी करा. माथ्याकडून सुरुवात करा. एकदा साखळीचा एक धागा उचलायचा, एकदा शेजारच्या खांबाचा एक धागा, असं नागमोडी खाली काठापर्यंत यायचं, बुटाची लेस ओवतात तसं. प्रत्येक धागा मधल्या उंचीवरचा उचला, डोक्याचा नको, कारण फट मध्ये आहे, काकूंनी वर सांगितलंच आहे. चार-पाच टाके झाले की टोपी दोन्ही हातांनी आडवी ताणा. ताणली तर टाक्यांत तेवढी सैल जागा हवी. घट्ट ओवलं तर टोपी डोक्यात जाणार नाही, आणि जोर केला की लोकर तुटेल.

दुसरा उपाय, दिसायला सुंदर: त्याच रेषेवर बाहेरून वेगळ्या रंगाने स्लिप स्टिचची रेघ ओढायची. लोकर आतल्या बाजूला धरायची, सुई बाहेरून फटीत घालून फास वर आणायचा, पुढच्या फटीत घालून पुन्हा फास, आणि आधीच्या फासातून काढायचा. फटीतच टाके बसतात, म्हणून त्या भरतात. एकच रेघ विचित्र वाटली तर समान अंतरावर आणखी तीन रेघा काढा, मुद्दाम केलेली नक्षी वाटते. मुलांना फार आवडते.

फटीवर बटण किंवा मोठं फूल लावायचं कुणी सुचवेल. तान्ह्या आणि रांगत्या मुलांच्या टोपीला बटण, मणी, सैल गोंडा लावू नये. ते ओढून तोंडात घालतात. विणलेलं चपटं फूल चारी बाजूंनी पक्कं शिवलं तर ठीक.

आणि अ‍ॅक्रिलिक लोकरीवर इस्त्री टेकवू नका, ती उष्णतेने लिबलिबीत होते, ताण जातो, मग टोपी डोक्यावर बसत नाही. पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, डोक्याच्या मापाच्या पालथ्या पातेल्यावर वाळवली की टाके आपापल्या जागी बसतात. थोडीफार फट यानेच कमी होते.

लोकरवेडी

देवळालीकर, किती नीट लिहिलंत. आमच्यातल्या आजी सांधायला बसल्यासुद्धा. पदर सोडवून घ्यायची सूचना सोन्यासारखी आहे.

निफाडकर

मी विणत नाही, शेती करतो. बायको ही चर्चा वाचत होती, तिने मला बोलावून दाखवली. तुम्ही ज्यांच्यासाठी टोप्या करता ती कुटुंबं आमच्याही बागेत येतात, म्हणून दोन शब्द.

निफाडची थंडी काय असते ते जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की बातमी राज्यभर होते. कडाक्याच्या दिवसांत आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबकने पाणी सोडतो, मणी तडकू नयेत म्हणून. त्या वेळेला पोरं बाहेर असतात. वारा सगळ्यात आधी कानाला लागतो. तुम्ही फटीचा एवढा विचार करताय हे वाचून बरं वाटलं. टोपीला फट नको हे खरंच, पण कान झाकले गेले पाहिजेत, हे त्याहून महत्त्वाचं. नुसत्या गोल टोप्या पोरं खेळताना वर सरकवतात, कान उघडे पडतात.

गळ्याखाली बांधायच्या दोऱ्या लांब नकोत. फांदीत, तारेत अडकतात. कमी लांबीची पट्टी आणि प्रेस बटण, किंवा काहीच नको, नुसते कान झाकणारे पल्ले.

सिडको_क्रोशे

दादा, हे सांगितलंत ते फार कामाचं. विणणाऱ्यांना हे घरात बसून कळत नाही.

पंचवटीकर

खरं आहे. आपण टोपरी-कुंच्या घालूनच मोठ्या झालो, कान झाकायचं शहाणपण त्यात होतंच.

लोकरवेडी, कानाचे पल्ले घालताना जोड कुठे येतो याकडे लक्ष द्या. जोड नेहमी पाठीमागे, मध्यभागी. पल्ले त्याच्यापासून मोजायचे. जोड कानाजवळ आला तर पल्ल्याच्या ओढीने तिथली फट पुन्हा उघडते, कितीही चांगला जोड असला तरी.

लोकरवेडी

७२ खांबांच्या टोपीला पल्ले कुठून सुरू करायचे? आणि ७२ कुठल्या वयाला बसेल?

सुईवाली

माझ्या हाताला डबल निटिंग लोकर आणि ४ मिमी सुईने १० सेंटिमीटरमध्ये १६ खांब येतात. तुमचे किती येतात ते एका तुकड्यावर मोजून घ्या. १६ येत असतील तर ७२ खांब म्हणजे ४५ सेंटिमीटरचा घेर. टोपी डोक्याहून दोन-तीन सेंटिमीटर लहानच हवी, ती ताणून बसते. म्हणजे ४७-४८ च्या डोक्याला, साधारण दोन वर्षांच्या मुलाला. ६० खांबांवर थांबलात तर साडेसदतीस सेंटिमीटर, तीनेक महिन्यांच्या बाळाला. ८४ पर्यंत वाढवलंत तर साडेबावन्न, मोठ्या माणसाला.

वाढ कधी थांबवायची ते न मोजता बघायचं असेल तर माथ्याची चकती मोजा. हव्या घेराला ३.१४ ने भागा. ४५ ला साधारण १४.३ सेंटिमीटर रुंदीची चकती झाली की वाढ बंद, मग सरळ फेऱ्या. चकती झालरीसारखी लाटा घ्यायला लागली तर टाके जास्त, वाटीसारखी वळायला लागली तर कमी.

पल्ल्यांसाठी ७२ ची वाटणी अशी: मागे १४, म्हणजे जोडाच्या उजवीकडे ७ आणि डावीकडे ७. मग पल्ला १५. समोर कपाळावर २८. दुसरा पल्ला १५. पल्ला पाठपोट ओळींत, म्हणजे दर ओळीला उलटवून, विणायचा, दोन्ही कडांना एकेक टाका कमी करत जायचा, पाच टाके उरेपर्यंत. शेवटी पूर्ण टोपीला पल्ल्यांसकट मुक्या खांबांची एक फेरी घाला, कडा मजबूत होते. ती फेरी जोडापासूनच सुरू करा आणि सुईदोऱ्याच्या जोडाने संपवा.

गंगापूररोड

पट्ट्यांच्या टोपीत रंग बदलताना जोड कसा करायचा? प्रत्येक रंगाची टोकं एकाच रेषेत येतात आणि तिथे आत जाड गठ्ठा होतो.

सिडको_क्रोशे

दोन फेऱ्यांचे पट्टे असतील तर लोकर कापूच नका, आतल्या बाजूने वर चढवत न्या, फक्त ताणू नका. रंग बदलताना स्लिप स्टिचचा फास नव्या रंगाने ओढा, म्हणजे पुढची फेरी पहिल्या टाक्यापासूनच नव्या रंगात येते.

रुंद पट्टे असतील तर प्रत्येक रंग सुईदोऱ्याच्या जोडाने संपवून टाका आणि नवा रंग जोडापासून लांब, दुसऱ्याच कुठल्या तरी टाक्यात सुरू करा. सुईवर सरकगाठ घ्या, वेढा घ्या, आणि थेट खांब करा, साखळी नकोच. जोड एकावर एक येत नाहीत, गठ्ठा होत नाही, रेघही नाही. कानाचे पल्ले मोजण्यासाठी पाठीमागचा मध्य तेवढा मार्करने धरून ठेवा.

नाशिकरोडकर

आमच्या इथल्या मैत्रिणींकडे मुक्या खांबांच्या बऱ्याच टोप्या तयार आहेत, न जोडता विणलेल्या. त्यांना पल्ले घालून तुमच्याकडे पाठवू का? आणि कुठल्या मापाच्या कमी पडताहेत?

लोकरवेडी

नक्की पाठवा! दोन ते पाच वर्षांच्या मापाच्या सगळ्यात कमी पडतात, तान्ह्या बाळांच्या आमच्याकडे पुरेशा आहेत. पत्ता संपर्कातून कळवते. निफाडकर दादा, तुमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांत किती मुलं आहेत आणि साधारण वयं काय, एवढं वहिनींना कळवायला सांगाल का? त्या मापानं विणायला घेतो.

निफाडकर

सांगतो. उद्या बागेत विचारून घेतो, बायको इथेच लिहील.